एअर रायफलला वंगण कोणते, कुठे आणि किती द्यावे?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत शिकते आणि गेली दोन वर्षे ओपन साइट (भिंगाशिवाय, नळीवरच्या साध्या खाच-माशीने नेम धरायच्या) एअर रायफल प्रकारात सराव करते. तिची रायफल देशी बनावटीची, नळी खाली वाकवून भरायची, स्प्रिंग आणि पिस्टनवर चालणारी, ०.१७७ बोअरची, म्हणजे ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती महिनाभर पत्र्याच्या खोलीत कपाटावर पडून होती. सराव पुन्हा सुरू झाला तेव्हा छर्रे कागदावर नेहमीपेक्षा खाली लागू लागले आणि नळी वाकवताना आतून कुरकुर ऐकू येऊ लागली, म्हणून मी ती एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. त्याने नळी वाकवली, तिच्या मागे जे बारीक छिद्र दिसते त्यात शिलाई मशीनच्या तेलाचे आठ-दहा थेंब सोडले आणि पाच मिनिटांत रायफल परत हातात दिली.

त्या संध्याकाळी पहिलाच बार असा कडाडला की शेजारची माणसे अंगणात आली. नळीतून निळसर धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास बराच वेळ खोलीत राहिला. पुढच्या वीस-पंचवीस बारांनंतर आवाज उतरला, पण धूर अजून थोडा येतोच. पूर्वी दहा मीटरवर एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाणारा पाच छर्ऱ्यांचा पुंजका आता उभा आणि लांबट, जवळजवळ बोटाएवढा झाला आहे. मुलगी मात्र स्वतःच्या श्वासाला आणि चाप ओढण्याला दोष देत बसते, आणि ते मला बघवत नाही.

आता कोणी डब्ल्यूडी-४० मारा म्हणतो, कोणी सिलिकॉनचा स्प्रे सुचवतो, तर एकाने खोबरेल तेल द्यायला सांगितले आहे. आपल्याकडचा उन्हाळा, धूळ आणि थंडी लक्षात घेऊन नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

लेथवाला (जालना)

पूर्णाकाठ दादा, सर्वांत आधी ती रायफल वापरणे थांबवा आणि त्या छिद्रात आणखी काहीही सोडू नका. मुलीलाही सांगा की यात तिचा काही दोष नाही. माझे छोटे लेथचे वर्कशॉप आहे आणि पंपाच्या कामांबरोबरच आसपासच्या नेमबाज मुलांच्या स्प्रिंगच्या रायफली मी उघडून देतो. उघडलेल्या रायफलींत वंगण कमी पडल्यामुळे बिघडलेल्या थोड्या असतात, जास्तीच्या किंवा चुकीच्या वंगणाने बिघडलेल्या कितीतरी अधिक.

तुमच्या रायफलीत जे घडले ते आपल्या शेतकरी मंडळींना चटकन कळेल, कारण डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. स्प्रिंगच्या रायफलीतही चाप ओढताच स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, समोरची हवा क्षणार्धात दाबली जाते आणि निमिषभर तिचे तापमान काहीशे अंशांवर जाते. तेथे शिलाई मशीनचे तेल असेल तर ते जळणारच, कारण ते पातळ खनिज तेल आहे. थोडेसे जळाले तर धूर येतो; पुष्कळ असले तर स्फोटासारखा कडाका होतो, पिस्टन पुढे जाण्याऐवजी उलटा मागे ढकलला जातो, त्या धक्क्याने सीलची, म्हणजे पिस्टनच्या टोकाला हवा गळू न देणाऱ्या टोपीची, कड जळते किंवा फाटते, आणि कधी स्प्रिंगचा वेढाही तुटतो. पुंजका उभा लांबण्याचे कारणही यातच आहे. प्रत्येक बाराला जळणारे तेल सारखे नसते, म्हणून छर्ऱ्याचा वेग कमीजास्त होतो, आणि जलद छर्रा वर, मंद छर्रा खाली लागतो.

ज्या छिद्रात तेल सोडले गेले त्यातून दाबलेली हवा नळीत जाते. तेथे टाकलेला थेंब स्प्रिंगपर्यंत पोहोचत नाही, तो थेट पिस्टनच्या तोंडासमोर जाऊन बसतो. तुमची कुरकुर बहुधा स्प्रिंगची किंवा नळीच्या सांध्याची होती, आणि औषध मात्र भलत्याच जागी पडले.

म्हणूनच माझे सांगणे असे आहे की रायफलला कोणते तेल द्यावे हा प्रश्नच मुळात तसा विचारता येत नाही. रायफलीच्या कोणत्या जागेला काय द्यावे, असे विचारावे लागते. जेथे हवा दाबली जाते ती जागा निराळी, जेथे लोखंडावर लोखंड घासते ती निराळी, आणि जेथे लोखंड नुसते उघड्या हवेत असते ती आणखी निराळी. एका जागेचे वंगण दुसऱ्या जागी गेले की नुकसान होते.

हवा दाबली जाते त्या भागात आधुनिक कृत्रिम सील असेल तर बहुधा काहीच लागत नाही. द्यायचेच झाले तर शुद्ध सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब, तोही वर्षाकाठी आणि सील कोरडे पडून किणकिणत असेल तरच. सिलिकॉन तेल येथे चालते, कारण त्याचा ज्वलनांक बराच वर, जाडसर तेलाच्या बाबतीत ३०० अंश सेल्सिअसच्याही पुढे असतो. मात्र बाजारातला सिलिकॉन स्प्रे म्हणजे शुद्ध सिलिकॉन तेल नव्हे. त्या डब्यात सिलिकॉन पातळ करणारे द्रावक आणि ते बाहेर ढकलणारा वायू असतो, हे दोन्ही बहुतेक वेळा ज्वलनशील असतात, शिवाय फवारा कुठवर पोहोचला हे आपल्या हातात राहत नाही.

हेच सिलिकॉन तेल स्प्रिंगवर किंवा पिस्टनच्या अंगावर घालणे चुकीचे आहे, आणि ही चूक चांगली जाणती माणसेही करतात. रबर आणि लोखंड यांच्यामध्ये सिलिकॉन उत्तम काम करते, पण लोखंडावर लोखंड दाबाने घासते तेथे त्याचा थर टिकत नाही. शिवाय ते इतके पसरते की आधीच्या ग्रीसलाही बाजूला सारते. मग पिस्टन आणि नळकांडे यांवर उभे ओरखडे पडतात, आणि ते ओरखडे पुन्हा भरून येत नाहीत.

अशा जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट लागते. ही राखाडी-काळी पूड मुळात पापुद्र्यांची असते. पापुद्रे एकमेकांवरून घसरतात आणि धातूच्या खरबरीत पृष्ठभागात जाऊन बसतात, म्हणून त्यातले तेल उडून गेले तरी वंगण शिल्लक राहते. पिस्टनचा मागचा घेर, कॉकिंगची, म्हणजे नळी वाकवताना स्प्रिंग मागे दाबणारी, पट्टी जेथे सरकते ती खाच आणि नळीच्या सांध्याचा बोल्ट ही तिची ठिकाणे आहेत. येथे एक सावधगिरी सांगतो. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात ‘मोली ग्रीस’ मागितले तर जे मिळते त्यात मॉलिब्डेनमचे प्रमाण साधारण ३ टक्के असते आणि बाकीचे सारे खनिज तेलाचे लिथियम ग्रीस असते. पेस्टमध्ये ही पूड निम्म्याच्या आसपास असते. नावे सारखी असली तरी या दोन वस्तू वेगळ्या आहेत. ते ग्रीस नळीच्या सांध्याला चालेल, पिस्टनच्या पुढच्या अंगाला चालणार नाही.

मांजराकाठ (लातूर)

लेथवाला काका, आपले विवेचन मनापासून आवडले, तरी एक शंका नम्रपणे मांडतो. आमच्या घरी आजोबांच्या काळातली डायना या जर्मन बनावटीच्या धर्तीची जुनी रायफल आहे. वडील दर दिवाळीला त्याच छिद्रात चार थेंब तेल सोडत आले, आणि ती आजही व्यवस्थित चालते. एका वर्षी तेल दिले नाही तर ती नुसतीच फुसकी झाली आणि छर्रा पुठ्ठ्यालाही भेदेना. मग त्या जागी तेल मुळीच देऊ नये, हा नियम सरसकट कसा मानायचा? आम्ही तर खोबरेल तेलही देतो.

लेथवाला (जालना)

मांजराकाठ, तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि माझ्या आधीच्या लिखाणात ही बाब राहून गेली, म्हणून आता सविस्तर लिहितो. आपल्या आजोबांच्या रायफलीत पिस्टनच्या टोकाला चामड्याचा वायसर असणार. सायकलच्या जुन्या पंपात असतो तसाच. पंपाचा वायसर वाळला की दांडा नुसता वरखाली होतो आणि ट्यूबमध्ये हवा जात नाही. मग आपण दोन थेंब तेल देतो, चामडे फुगते, कडा नळकांड्याला टेकतात आणि पंप पुन्हा धरतो. रायफलीतल्या चामड्याचेही असेच आहे. आपल्याकडे मार्च ते मे या काळात हवा इतकी कोरडी असते की चामडे लवकर वाळते आणि रायफल फुसकी होते. त्या चामड्याला तेल हवेच.

कृत्रिम सीलची गोष्ट निराळी. ते पॉलियुरेथेनसारख्या प्लॅस्टिकचे असते, त्याला बाहेरच्या बाजूस पातळ ओठ असतो, आणि हवेचा दाब वाढला की तो ओठ छत्रीसारखा उघडून भिंतीला चिकटतो. त्याला फुगण्यासाठी तेल लागत नाही. तुमच्या रायफलीत काय आहे हे ओळखायचे असेल तर तिचे वय आणि माहितीपत्रक पाहावे. रायफल जुनी असेल आणि तेल दिल्यावर एका रात्रीत जोर परत येत असेल, तर ते चामडेच समजावे.

चामड्याला तेल देण्याचीही एक रीत आहे. कमी ताकदीच्या जुन्या रायफलीत कोणतेही मिश्रण नसलेल्या पातळ खनिज तेलाचे तीन-चार थेंब छिद्रात सोडावेत आणि रायफल रात्रभर नळी वर करून उभी ठेवावी, म्हणजे तेल चामड्यात मुरते आणि मोकळे उरत नाही. तेल घालून लगेच बार काढणे ही खरी चूक आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या काही बारांना हलका धूर येईल, त्याची चिंता नको. कडाका ऐकू आला तर मात्र तेल जास्त झाले आहे आणि थांबायला हवे. ताकदवान रायफलीत चामडे असेल तर खनिज तेलाऐवजी सिलिकॉन तेलच द्यावे.

खोबरेल तेल मात्र बंद करा, ही कळकळीची विनंती. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. डिसेंबरात सकाळी न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली आपण चुलीजवळ किंवा उन्हात ठेवतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तेच पांढरे गोठलेले तेल पिस्टनच्या कडेला आणि खटक्याच्या दातात बसलेले असेल, तर जानेवारीतल्या सकाळच्या स्पर्धेत रायफल कशी वागेल, याचा विचार करा.

तेरणाकाठ (धाराशिव)

लाकडी घाण्याचे करडईचे तेल कसे राहील? आमच्याकडे ते शुद्ध मिळते आणि त्यात कसलेही रसायन नसते.

लेथवाला (जालना)

खाण्यासाठी उत्तम आहे, रायफलीसाठी अजिबात नको. करडई आणि जवस या दोन्हींची तेले हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होणाऱ्या जातीची आहेत. भिंतीला किंवा डब्याला लागलेले करडईचे तेल काही महिन्यांनी पिवळसर, चिकट आणि नखाने खरवडावे लागणारे होते, हे घरातल्या कोणत्याही ताईंना विचारा. खटक्याच्या दातावर असा चिकट थर बसला तर चाप कधी लवकर, कधी उशिरा सुटतो, आणि भरलेल्या रायफलीत ते धोक्याचेही आहे. माझ्याकडे अशी एक रायफल आली होती. तिचा खटका डिंक लावल्यासारखा झाला होता आणि ओढलेला चाप मागे येत नव्हता. पेट्रोलच्या फडक्याने सारे पुसून काढावे लागले.

पण जवसाच्या तेलाचा जो अवगुण लोखंडावर आहे, तोच गुण लाकडावर उपयोगी पडतो. वार्निश उडालेल्या दस्त्यावर जवसाचे तेल हाताच्या तळव्याने चोळून, उरलेले फडक्याने पुसून घ्यावे आणि पुढचा हात देण्यापूर्वी पूर्ण सुकू द्यावे. कच्चे तेल सुकायला कित्येक दिवस लागतात. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवस तेल त्यामानाने लवकर सुकते. हे करताना त्या फडक्यांची काळजी घ्या. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर सुकताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून टाकावीत. आणि ज्या दस्त्याला सिलिकॉनचा हात लागला आहे त्यावर नंतर जवस किंवा वार्निश नीट बसत नाही, म्हणून सिलिकॉनची बाटली हाताळल्यावर दस्ता धरण्यापूर्वी हात धुवा.

दहाचा ठिपका (नांदेड)

मी मुलामुलींना नेमबाजी शिकवते. आमच्याकडे स्प्रिंगच्या रायफलींबरोबर सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, म्हणजे पीसीपी रायफलीही आहेत. या धाग्यावर येणारे पालक पुढे त्या घेतीलच, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

स्प्रिंगच्या रायफलीत चुकीचे तेल गेले तर रायफल बिघडते. पीसीपीत गेले तर माणसाला इजा होऊ शकते. स्पर्धेच्या पीसीपी रायफलीत साधारण २०० बार (येथे बार म्हणजे दाब मोजण्याचे एकक) दाबाची हवा भरलेली असते. मोटारीच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास हवा असते, त्यावरून या शंभरपट दाबाची कल्पना करावी. हवा झपाट्याने भरताना ती तापते, आणि त्या वाटेत खनिज तेल किंवा साधे ग्रीस असेल तर ते पेट घेऊ शकते. म्हणून सिलिंडरचा आटा, भरण्याचे तोंड आणि हातपंप यांच्याजवळ खनिज तेलाची बाटली येऊच देऊ नये. तेथल्या ओ-रिंगना (हवा रोखणाऱ्या रबरी कड्यांना) सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो. बोटावर चिमूटभर घेऊन रिंग फिरवली, ती चमकली आणि बोटावर ग्रीस उरले नाही, म्हणजे ते बरोबर झाले. वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरून आणण्याची कल्पना कोणी सुचवली तर त्या माणसाला तेथेच थांबवा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचा अंशही भडकतो आणि सिलिंडर फुटतो. यात फक्त कोरडी, गाळलेली हवाच भरायची असते. सिलिंडरवर कोरलेली वापराची मुदतही पाहून ठेवावी, कारण मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही, आणि उतरूही नये.

पावसाळ्यात हातपंपाने हवा भरणाऱ्यांनी पंपातील पाणी शोषणारे दाणे वेळेवर बदलावेत. दमट हवा दाबली की त्यातले पाणी सिलिंडरमध्ये उतरते आणि ते कोणत्याही वंगणाने निघत नाही.

डब्ल्यूडी-४० विषयी मुद्दाम सांगते, कारण ते प्रत्येक घरात आहे. हे मिश्रण १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे पाणी हटवण्यासाठी, चाळिसाव्या प्रयत्नात तयार झाले, आणि त्याच्या नावाचा अर्थही तोच आहे. त्याचा बराचसा भाग उडून जाणारे द्रावक असतो. भिजलेल्या किंवा गंजू लागलेल्या बाहेरच्या लोखंडासाठी ते चांगले आहे. पण ते चापाच्या यंत्रणेत किंवा स्प्रिंगवर मारले तर कारखान्यात घातलेले ग्रीस धुऊन निघते, काही दिवस सारे गुळगुळीत वाटते आणि नंतर लोखंड कोरडे घासू लागते. छिद्रात गेले तर पूर्णाकाठ दादांनी जे भोगले तेच पुन्हा होईल.

स्पर्धेच्या रायफलीच्या चापाला उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितल्याखेरीज मी कोणतेही वंगण लावू देत नाही. ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा असतो. चापाच्या वजनात थोडा जरी बदल झाला तरी खेळाडूच्या बोटाला तो कळतो आणि सरावाने बसलेली लय मोडते.

नळीबाबत माझा आग्रह याहून कडक आहे. नळीच्या आत तेल सोडू नये. शिशाचा मऊ छर्रा स्वतःच नळीत पुरेसा घसरतो. तेल दिल्यानंतर पहिले दहा-पंधरा छर्रे कुठेही जातात आणि स्प्रिंगच्या रायफलीत ते तेल जळतेही. सफाई करायची तर नमद्याचे छर्रे किंवा मऊ कापडाची दोरी वापरावी, दोरी छर्रा भरण्याच्या बाजूने तोंडाकडे ओढावी, आणि लोखंडी सळई मुळीच घालू नये, कारण तोंडाजवळची कड एकदा खराब झाली की पुंजका परत मिळत नाही. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवायला मुलांना शिकवा. ते शिसे आहे.

मांजराकाठ (लातूर)

ताई, आपल्या भागातल्या धुळीचे काय करावे? काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू खोलीत कुठेही शिरतात.

दहाचा ठिपका (नांदेड)

म्हणूनच बाहेरच्या भागाला तेल जितके कमी तितके चांगले. तेलकट नळीवर आपली काळी माती बसली की तिची पेस्ट होते आणि ती सांध्यात जाऊन लोखंड घासते. सरावानंतर सुती फडक्याने पुसावे, मग दुसऱ्या फडक्यावर पातळ तेलाचे दोन थेंब घेऊन ते फडके आधी स्वतःशीच चोळावे आणि त्याने नळी व नळकांडे पुसावे. बोट फिरवल्यावर लोखंडावर ओल दिसू नये. येथे शिलाई मशीनचे तेल अगदी योग्य आहे. घामेजल्या हाताचे ठसे तेवढे राहू देऊ नका. जून ते सप्टेंबरमध्ये त्या ठशांच्या आकाराचाच तांबडा गंज उठतो, मी तो मुलांना दाखवते. पावसाळ्यात रायफल फोमच्या बंद पेटीत आठवडे ठेवू नये, कारण फोम ओल धरून ठेवतो. ती कोरड्या सुती खोळीत, उघड्या कपाटात ठेवावी.

पूर्णाकाठ (परभणी)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मधल्या रविवारी मी मुलीला घेऊन लेथवाला काकांकडे जालन्याला जाऊन आलो. जे पाहिले ते येथे नोंदवतो, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

काकांनी प्रथम मुलीला बजावले की बार न भरलेल्या रायफलीतही स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून ती घरी स्क्रू काढून उघडायची नाही. त्यांनी मागचा भाग लेथच्या टेलस्टॉकने (लेथच्या टोकाच्या पुढेमागे सरकणाऱ्या भागाने) दाबून धरला, पिन काढली आणि हळूहळू सैल करत स्प्रिंग बाहेर घेतली. स्प्रिंगच्या पुढच्या वेढ्यांवर काजळीसारखा काळा गाळ होता, त्यात कापसाचे तंतू अडकलेले होते, आणि मागचे वेढे मात्र पूर्ण कोरडे, तांबूस झालेले होते. म्हणजे कुरकुर तेथली होती आणि तेल तेथवर पोहोचलेच नव्हते. सील कृत्रिम निघाले. त्याच्या ओठाचा एक तुकडा, बाजरीच्या दाण्याएवढा, जळून गेला होता. टेबलावर सपाट लोळवली तेव्हा स्प्रिंग लंगडत चालली, म्हणजे तीही वाकलेली होती. नळकांड्यात एक बारीक ओरखडा आहे, पण तो सीलच्या वाटेत फारसा येत नाही, असे काकांचे मत पडले.

सील आणि स्प्रिंग दोन्ही नवीन बसवली. मला सर्वांत जास्त शिकवून गेले ते वंगणाचे प्रमाण. काकांनी मॉलिब्डेनमची पेस्ट अंगठ्याने पिस्टनच्या मागच्या अंगाला चोळली आणि नंतर जुन्या वर्तमानपत्राने ती जवळजवळ सगळी पुसून टाकली, नुसती राखाडी छटा उरेपर्यंत. मुलीने विचारले की सगळे पुसायचेच होते तर लावले कशाला. त्यावर त्यांनी तिला पिस्टनवरून नख ओढायला सांगितले, आणि नख काचेवरून जावे तसे गेले. सीलच्या तोंडाला काहीच लावले नाही. स्प्रिंगला एक घट्ट, काळे, तारेसारखे ओढले जाणारे ग्रीस ब्रशने लावले, तेही वेढ्यांच्या बाहेरच्या अंगाला आणि इतके पातळ की खालचे लोखंड दिसत होते.

लेथवाला (जालना)

त्या काळ्या ग्रीसबद्दल थोडे लिहितो, कारण दादांनी ते पाहिले, पण कारण सांगायला तेव्हा वेळ झाला नाही. ते स्प्रिंगचा झणत्कार मारण्यासाठी असते. बार सुटल्यावर स्प्रिंग तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते आणि ती थरथर गालाला लागते. चिकट ग्रीस ती शोषून घेते. पण त्याचा चिकटपणा तापमानाबरोबर बदलतो. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि थंडीत काही रात्री तो एक अंकी होतो. उन्हाळ्यात बेताचे वाटणारे ग्रीस जाड लावले असेल तर थंडीत स्प्रिंगला मागे ओढून धरते आणि छर्ऱ्याचा वेग पडतो. म्हणून मी ते आपल्या भागात नेहमीच पातळ लावतो, आणि थोडा झणत्कार उरला तरी चालवून घेतो. साधे लिथियम ग्रीस आपल्या उन्हाळ्यात वितळत नाही, त्याचा वितळबिंदू १८० अंशांच्या आसपास असतो. पण पत्र्याच्या खोलीतल्या उष्णतेने त्यातले तेल सुटून पुढे झिरपते आणि सीलसमोर जमते. तेव्हा ग्रीस कोणतेही असो, रायफल पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

नवीन सील बसवल्यावर पहिल्या तीस-चाळीस बारांत पुंजका मोजू नका. उरलेसुरले तेल जळून जायला आणि ओठ भिंतीशी जुळायला तेवढे लागतात. आणि रिकामी रायफल, म्हणजे छर्रा न भरता, कधीही सोडू नका. समोर अडवणारी हवा नसली की पिस्टन थेट भिंतीवर आदळतो.

पूर्णाकाठ (परभणी)

काकांच्या सांगण्याप्रमाणे पन्नास छर्रे मोजून बाजूला काढले आणि नंतर पुंजका घेतला. धूर नाही, वास नाही, आवाज पूर्वीसारखा बोथट ठप्प असा येतो. पाच छर्ऱ्यांपैकी चार नाण्याखाली झाकले जातात. पाचवा डावीकडे जातो, आणि तो स्वतःचाच आहे असे मुलगी म्हणते. या वेळी तिचे म्हणणे मी मान्य केले.

तिने खोळीच्या आतल्या बाजूस चिकटपट्टीवर सील बदलल्याची तारीख लिहिली आहे आणि त्याखाली छर्ऱ्यांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली आहे. शिलाई मशीनचे तेल आता फडक्यासोबत एका डबीत असते. डिसेंबरात थंडी पडल्यावर सकाळी सहा वाजता आणि दुपारी दोन वाजता असे दोन पुंजके घेऊन त्यांतील फरक मी याच धाग्यावर लिहीन, म्हणजे त्या काळ्या ग्रीसचे प्रमाण परभणीच्या थंडीला बरोबर आहे की आणखी कमी करावे लागेल, हे काकांना ठरवता येईल.